एकाच प्रोग्राममध्ये दोन-तीन थीम एकत्र: जावा स्विंगमध्ये कसं जमवावं?

पाणवठा (धागाकर्ता), सोमवार रात्री 9:40

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेचं काउंटरचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. भरणा, उचल, पिग्मीची वसुली, संध्याकाळची रोजकीर्द, एवढाच पसारा. सगळं जावा स्विंगमध्ये, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या जावाच्या संचात. क्लास-मेथडची नावं इथे देवनागरीतच लिहितोय, जावा लिहिणाऱ्यांना ओळखू येतील.

मला एकाच प्रोग्राममध्ये तीन वेगळी रूपं हवी आहेत. काउंटर खिडकीसमोर आहे, दुपारी ऊन थेट पडद्यावर येतं, म्हणून कॅशियरला उजळ थीम लागते. ग्राहकाकडे तोंड केलेला दुसरा मॉनिटर आहे, त्यावर खातं, रक्कम आणि शिल्लक काळ्या पार्श्वभूमीवर मोठ्या अक्षरांत दिसायला हवी. तिसरं रूप सरावाचं. नवीन माणूस आला की तेच सॉफ्टवेअर सरावाच्या डेटावर उघडून त्याला शिकवतात.

हे तिसरं माझ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं आहे. मार्चअखेरीच्या गर्दीत नव्या मुलीने सकाळभराचे खरे भरणे सरावाच्या डेटात टाकले. दुपारी रोकड जुळेना तेव्हा लक्षात आलं. रात्री आठपर्यंत बसून पावत्यांवरून सगळं पुन्हा भरावं लागलं आणि त्या मुलीला नाहक बोलणी बसली. दोन्ही खिडक्या हुबेहूब सारख्या होत्या, ती तरी काय करणार? त्या दिवसापासून हे मनातून जात नाही.

आतापर्यंत केलं ते असं. आधी उजळ लुक अँड फील (घटकांचं रूप ठरवणारा स्विंगचा भाग) लावून मुख्य खिडकी बनवली, मग सेट-लुक-अँड-फील पुन्हा बोलावून गडद लावलं आणि ग्राहकाची खिडकी बनवली. चालू केल्याबरोबर दोन्ही अगदी हव्या तशा! पण मुख्य खिडकीतली कॉम्बोची (खाली उघडणाऱ्या पर्यायांची) यादी उघडली तर ती काळी. 'नोंद जतन करायची का?' हा प्रश्नही काळ्या चौकटीत. टूलटिपही काळी. सरावासाठी यूआय-मॅनेजरमध्ये (रंग-फाँटची मूल्यं सांभाळणारा स्विंगचा भाग) पॅनलची पार्श्वभूमी नारिंगी टाकली, तर सरावातून बाहेर आल्यावरही नारिंगी जायला तयार नाही.

मुळात दोन थीम एकत्र नांदतात का? की मी चुकीच्या वाटेने निघालोय?

---

चिंचेचं_झाड, सोमवार रात्री 10:05

दोन स्वतंत्र प्रोग्राम का नाही करत? ग्राहकाची खिडकी वेगळ्या प्रोसेसमध्ये, तिला तिचं गडद रूप. भांडणच मिटलं.

---

पाणवठा, सोमवार रात्री 10:20

विचार केला होता. पण काउंटरच्या मशीनला 4 जीबी मेमरी आहे, शिवाय ग्राहकाच्या पडद्यावर रक्कम टाइप होत असतानाच दिसायला हवी. दोन प्रोसेसमध्ये तेवढ्यासाठी निरोप्या बसवावा लागेल. अगदीच इलाज नसेल तर करेन.

---

जुना_चिरा, सोमवार रात्री 11:30

पाणवठा, वाट थोडी चुकली आहे, पण का चुकली हे कळलं की पुढचं सगळं सोपं होईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्विंगमध्ये प्रत्येक घटकाचे दोन भाग असतात. बटण म्हणजे जे-बटन हा वस्तूचा भाग, आणि ते रंगवणारा दुसरा भाग म्हणजे त्याचा यूआय डेलिगेट. 1998 च्या डिसेंबरात जावा 1.2 बरोबर स्विंग आलं तेव्हापासून ही रचना आहे, आणि त्यामुळेच चालू प्रोग्रामचं रूप पालटता येतं: जुना डेलिगेट काढायचा, नवा बसवायचा. पण नवा कुठून आणायचा? यूआय-मॅनेजरकडून. आणि यूआय-मॅनेजरकडे एका वेळी एकच मुख्य लुक अँड फील असतं. खिडकीगणिक वेगळं नाही, पॅनलगणिक तर नाहीच.

तुम्ही दुसऱ्यांदा सेट केलंत तेव्हा आधी बनलेल्या खिडकीला कुणी हात लावला नाही. तिच्या घटकांना आपापले जुने डेलिगेट आहेतच, म्हणून ती उजळ दिसत राहिली. पण ती उजळ थीम पाळतेय असं समजू नका, ती फक्त बदलायची राहिली आहे. यापुढे जे जे नव्याने जन्माला येईल, म्हणजे संवादचौकट, टूलटिप, फाइल निवडायची खिडकी, ते सगळं आत्ता गादीवर असलेल्या थीमचं असणार. प्रश्न काळा आला तो यामुळेच.

काही डेलिगेट तर रंग बनताना घेऊन ठेवत नाहीत, रंगवताना त्या क्षणी विचारतात. मेटल या जावाच्या जुन्या लुक अँड फीलमध्ये चालू थीम ही सगळ्या प्रोग्रामला मिळून एकच स्टॅटिक गोष्ट आहे. तिथे जुन्या खिडकीच्या कडा नव्या थीमच्या आणि पोट जुन्या थीमचं, असं चित्र दिसतं. उद्या तुम्ही अपडेट-कंपोनंट-ट्री-यूआय (खिडकी आणि तिच्या पोटातले सगळे घटक, म्हणजे तिचं झाड, नव्याने रंगवणारी मेथड) बोलावलंत की उरलीसुरली उजळ खिडकीही काळी होईल.

आता नारिंगी का जात नाही ते. यूआय-मॅनेजरच्या पोटात मूल्यांचे तीन थर आहेत. सर्वांत वर प्रोग्राम लिहिणाऱ्याने टाकलेली मूल्यं, मधे लुक अँड फीलची, तळाशी सिस्टीमची. विचारणा वरून खाली जाते आणि जिथे आधी सापडेल ते मूल्य मिळतं. यूआय-मॅनेजर-पुट म्हणजे थेट वरचा थर. लुक अँड फील बदललं की मधला थर पुसून नवा भरला जातो, वरच्याला धक्का लागत नाही. तुमचं नारिंगी वर बसलंय. त्याच किल्लीवर (मूल्याच्या नावावर) नल, म्हणजे 'काही नाही', टाका म्हणजे वरचं मूल्य निघून जाईल आणि खालचं पुन्हा दिसू लागेल. मग मात्र सगळ्या खिडक्यांचं झाड नव्याने रंगवून घ्या.

थोडक्यात, दोन लुक अँड फील एकत्र करू नका. ते एकच ठेवा आणि मिसळायचं ते त्याच्या मूल्यांत मिसळा.

---

सह्यकडा, मंगळवार सकाळी 7:50

जुना चिरा काका, मग जावात 'मल्टि-लुक-अँड-फील' नावाचा आख्खा क्लास आहे तो कशासाठी? नाव वाचून मला वाटलं होतं की पाणवठांना हवं ते हेच.

---

जुना_चिरा, मंगळवार सकाळी 8:15

नावाने खूप जण फसतात. ती सोय मुख्य रूपाच्या जोडीला सहायक रूप लावण्यासाठी आहे. उदाहरणार्थ बटणावर फोकस आला की त्याचं नाव बोलून दाखवणारं, पडद्यावर काहीच न काढणारं लुक अँड फील. प्रत्येक हाक मुख्य डेलिगेटला आणि सहायकाला दोघांनाही जाते, पण उत्तर ग्राह्य धरलं जातं ते पहिल्याचं, म्हणजे मुख्याचं. दृष्टिहीनांसाठी तो विचार फार चांगला होता. रंगांच्या मिसळणीशी त्याचा संबंध नाही. दोन रंगवणारे डेलिगेट त्यात घातले तर एकावर एक रंगकाम होईल, बाकी काही नाही.

---

गोधडी, मंगळवार दुपारी 1:10

जुना चिरांनी थर नीट समजावलेत. त्यातलीच एक गोष्ट सुटली आहे, आणि माझे तीन आठवडे त्याच गोष्टीने खाल्ले, म्हणून लिहिते.

घटकावर थेट सेट-बॅकग्राउंड केलं की तो रंग थीम बदलल्यावर टिकतो की जातो? उत्तर रंगाच्या जातीवर आहे. स्विंगमध्ये यूआय-रिसोर्स नावाचा एक रिकामा इंटरफेस आहे. त्यात एकही मेथड नाही, तो नुसता शिक्का आहे. लुक अँड फील स्वतः जे रंग, फाँट, किनारी बसवतं त्या सगळ्यांवर हा शिक्का असतो: कलर-यूआय-रिसोर्स, फाँट-यूआय-रिसोर्स वगैरे. थीम बदलताना नवा डेलिगेट बघतो की इथला रंग शिक्क्याचा आहे का. असेल तर 'हा माझ्या आधीच्याने ठेवलाय' म्हणून बदलतो. नसेल तर 'हा प्रोग्राम लिहिणाऱ्याने मुद्दाम दिलाय' म्हणून सोडून देतो.

माझ्याकडे दवाखान्याच्या नोंदींचा एक प्रोग्राम होता. त्यात तातडीच्या रुग्णाची ओळ ठळक दिसावी म्हणून मी एका लेबलला यूआय-मॅनेजरकडूनच निवडीचा रंग मागून सेट-बॅकग्राउंड केला होता. हाताने टाइप केलेल्या रंगापेक्षा थीममधून घेतलेला बरा, असा विचार. पण यूआय-मॅनेजरकडून आलेला रंग शिक्का घेऊनच येतो! थीम बदलली की लेबल साध्या लेबलच्या रंगाचं व्हायचं आणि तातडीचा रुग्ण गर्दीत हरवायचा. थीम एकदाही न बदलता चाचणी केली तर सगळं ठीक. बदलली की बिघाड. सापडेचना.

उपाय दोन. रंग कायमचा हवा असेल तर त्याच आकड्यांचा साधा कलर नव्याने बनवून द्या, शिक्का गळून पडतो. रंग थीमबरोबर बदलायला हवा असेल तर त्या घटकाचा उपवर्ग करून अपडेट-यूआय (थीम बदलली की घटकावर चालणारी मेथड) ओव्हरराइड करा, म्हणजे तिच्या जागी आपली लिहा: आधी सुपर, मग आपला रंग यूआय-मॅनेजरला विचारून लावा. इथे एक खड्डा आहे. अपडेट-यूआय ही मूळ वर्गाच्या कन्स्ट्रक्टरमधूनच बोलावली जाते, म्हणजे तेव्हा तुमच्या उपवर्गाची स्वतःची फील्ड अजून भरलेली नसतात. त्यातलं एखादं वापरलंत की नल-पॉइंटर. आधी नल आहे का ते तपासा.

आणि कुठल्या घटकाचा कुठला रंग शिक्क्याशिवाय आहे याची नोंद कोडमध्येच, त्या ओळीशेजारी करून ठेवा. सहा महिन्यांनी आपलं आपल्यालाच आठवत नाही.

---

रानमेवा, मंगळवार दुपारी 1:25

वाखु (वाचनखूण) साठवली. गोधडीताई, शिक्क्याची गोष्ट आजपर्यंत कुणी अशी सांगितली नव्हती.

---

सह्यकडा, मंगळवार दुपारी 4:00

मला एक वेगळाच प्रश्न आहे. दोन थीमचे रंग अर्धे-अर्धे मिसळून मधली तिसरी थीम करता येईल का? म्हणजे सरावासाठी उजळ आणि गडदच्या मधली करडी. नवे रंग शोधायलाच नकोत, गणिताने निघतील.

---

गोधडी, मंगळवार संध्याकाळी 6:45

असा प्रयोग पूर्वी झालाय. सबस्टन्स नावाच्या स्विंगच्या लायब्ररीत जुन्या आवृत्त्यांमध्ये दोन थीम मिसळून एक करायची सोय होती. पुढे त्यांनी ती वाट सोडून 'स्किन' आणली: एकाच रूपात शीर्षकपट्टी, टूलबार, मधला भाग, तळपट्टी अशा विभागांना वेगवेगळ्या रंगयोजना. मला तो बदल फार शहाणपणाचा वाटतो, आणि का ते आकड्यांत दाखवते.

समजा 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा, अशा मापात उजळ थीममध्ये पार्श्वभूमी 242 ची करडी आणि अक्षर काळं, म्हणजे 0. वेबच्या सुगम्यतेच्या नियमावलीत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकाचं जे सूत्र आहे त्याने हे गुणोत्तर 18.8 भरतं. गडद थीममध्ये पार्श्वभूमी 60, अक्षर 187, गुणोत्तर सुमारे 5.7. त्या नियमावलीत साध्या आकाराच्या अक्षरांना किमान 4.5 लागतं, म्हणजे दोन्ही थीम पास. आता अर्धं-अर्धं मिसळा. पार्श्वभूमी 151, अक्षर 94 च्या आसपास. गुणोत्तर 2.2! दोन वाचता येणाऱ्या थीममधून एक न वाचता येणारी निघाली. कारण उघड आहे, एका थीममध्ये अक्षर पार्श्वभूमीहून काळं आणि दुसऱ्यात पांढरं, सरासरी काढली की दोघं एकमेकांकडे सरकतात.

उजळला उजळ मिसळलं तर चालतं. त्यातही पार्श्वभूमी आणि अक्षर दोन्ही एका झटक्यात मिसळू नका. एक ठरवा, दुसरं त्यावरून तपासून निवडा.

पाणवठा, तुमच्या नारिंगीचंही बघा. साधारण वापरातला नारिंगी म्हणजे लाल 255, हिरवा 152, निळा 0. त्यावर पांढरी अक्षरं टाकली तर गुणोत्तर पुन्हा 2.2 च्या आतबाहेर. तीच अक्षरं काळी केली तर 9.7. उन्हात बसलेल्या कॅशियरला हा फरक सर्वांत जास्त जाणवेल.

---

खारफुटी, मंगळवार रात्री 9:15

मी स्विंगमधला नाही, जीटीकेमध्ये (खिडक्या-बटणं बनवायचा असाच दुसरा संच) काम करतो. तिथे हाच प्रश्न कसा सोडवलाय ते सांगावंसं वाटलं, कारण तुमचं डोकं थरांमध्येच अडकलंय.

जीटीके 3 मध्ये रूप सीएसएसने (वेबपानांसारख्या रूपाच्या नियमांनी) ठरतं आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या सीएसएसला आकड्यांचं प्राधान्य असतं. दुसरं काहीच न सापडल्यास वापरायचा तळ 1, थीम 200, सिस्टीमच्या सेटिंग 400, अ‍ॅप्लिकेशन 600, वापरकर्ता 800. एकाच गुणधर्माबद्दल दोघं बोलले तर मोठ्या आकड्याचं ऐकलं जातं. थीम एकत्र करणं म्हणजे तिथे एवढंच: कोण कुठल्या पायरीवर उभा आहे ते ठरवणं. क्यूटी या तिसऱ्या संचात वेगळी तऱ्हा आहे. विजेटला (घटकाला) स्वतंत्र स्टाइल देता येते, पण ती त्याच्या पोटातल्या विजेटांना लागू होत नाही. पॅलेट, म्हणजे रंगांचा संच, मात्र पोटात झिरपते. त्यामुळे तिथे अनेक जण रंगांचं काम पॅलेटवर ठेवतात आणि स्टाइल एकच.

वापरकर्ता 800 वर, अ‍ॅप्लिकेशनच्याही वर, ही गोष्ट मला मनापासून पटते.

---

मंद_दिवा, मंगळवार रात्री 11:05

खारफुटी यांच्या शेवटच्या ओळीसाठी लॉगिन केलं.

मला कमी दिसतं. कॉम्प्युटरवर मी सगळीकडे काळ्यावर पिवळी अक्षरं आणि मोठा फाँट ठेवतो. प्रोग्राम लिहिणारे लोक त्यांच्या थीमवर मेहनत घेतात याचं मला कौतुक आहे, पण ज्या दिवशी एखादा प्रोग्राम माझं पिवळं बाजूला सारून स्वतःचा करडा लावतो त्या दिवशी माझं काम थांबतं. इथे आतापर्यंत तीन थीमची चर्चा झाली: कॅशियरची, ग्राहकाची, सरावाची. चौथी बाजू कॅशियरच्या डोळ्यांची आहे. तिथे उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस बसला तर त्याला अक्षर मोठं करता येईल का? आणि ते केल्यावर सरावाची खूण टिकेल का?

दुसरं असं की सरावाची खूण फक्त रंगावर ठेवू नका. लाल-हिरवं वेगळं न दिसणारे लोक कमी नसतात, आणि नारिंगी-पिवळ्याचा फरक मलाही दर वेळी कळेल असं नाही. शब्द लिहा. मोठा लिहा.

---

पाणवठा, बुधवार सकाळी 6:30

मंद दिवा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या हेड कॅशियर काकू निवृत्तीला आल्यात आणि चष्मा काढून पडद्याजवळ नाक नेऊन आकडे वाचतात. मी हे रोज बघतो, पण थीमच्या प्रश्नात ते धरलंच नव्हतं. आता धरतो.

---

जुना_चिरा, बुधवार सकाळी 9:00

आता बांधणीचं बोलू. मेटल, निंबस आणि फ्लॅट-लाफ या तिन्ही लुक अँड फीलवर मी काम केलंय.

मेटलच्या थीमचा सांगाडा सहा रंगांचा आहे, तीन मुख्य आणि तीन दुय्यम, वर काळा-पांढरा. 2004 च्या जावा 5 पासून त्याची 'ओशन' थीम आपोआप लागते. सहा मेथड ओव्हरराइड केल्या की नवी थीम, इतकं सोपं. पण दिसतं जुनाट, आणि देवनागरी मूळच्या ठळक फाँटमध्ये गिचमिड होते.

निंबस 2008 मध्ये जावा 6 च्या अपडेट 10 बरोबर आलं. त्यात मोजके पायाभूत रंग आहेत आणि बाकीचे बहुतेक त्यांच्यावरून छटा सरकवून काढलेले. पायाचा रंग बदला, बटणापासून स्क्रोलबारपर्यंत सगळं त्या दिशेला झुकतं. एकाच घटकाला वेगळं रूप द्यायला 'निंबस-ओव्हरराइड्स' नावाची क्लायंट प्रॉपर्टी आहे. मात्र त्याचे बरेच घटक चित्रकारांकडून रंगवले जातात, त्यामुळे साधं सेट-बॅकग्राउंड अनेकदा कानाआड जातं. माणूस हैराण होतो.

तुमच्यासाठी मी फ्लॅट-लाफ सुचवेन. खुल्या परवान्याचं आहे, आणि थरांची कल्पना त्यात उघडपणे, साध्या प्रॉपर्टीज फायलींत मांडली आहे. एक फाइल सगळ्या रूपांना समान, एक फक्त उजळसाठी, एक फक्त गडदसाठी. लायब्ररीच्या स्वतःच्या फायली आधी वाचल्या जातात, मग तुमच्या पॅकेजमधल्या; नंतर आलेलं मूल्य आधीच्यावर बसतं. तुमचं पॅकेज कुठलं ते रजिस्टर-कस्टम-डिफॉल्ट्स-सोर्स या मेथडने सांगायचं. फायलींत चल (नाव दिलेली मूल्यं) ठेवता येतात, आणि रंग उजळ करणं, गडद करणं, दोन रंग मिसळणं यांची फंक्शनं आहेत. म्हणजे '@अ‍ॅक्सेंट-कलर' या एका चलावरून निवड, फोकसची कड, टिकमार्क हे सगळं निघतं. सरावात सुरुवातीलाच सेट-ग्लोबल-एक्स्ट्रा-डिफॉल्ट्समधून तो एक चल नारिंगी करा. उजळ थीम तीच, वरचा एक पातळ थर बदलला.

काकूंच्या अक्षरासाठी 'डिफॉल्ट-फाँट' ही एकच किल्ली आहे, सगळ्या घटकांचे फाँट तिच्यावरून ठरतात. तो आकार वापरकर्त्याच्या सेटिंगमध्ये ठेवा आणि सर्वांत शेवटी लावा, म्हणजे खारफुटींच्या भाषेत 800 वर.

आणि ग्राहकाचा पडदा. पाणवठा, त्याला थीम हवीच कशाला? त्यावर तीन-चार लेबलं आहेत. ना कॉम्बो, ना बटण, ना संवादचौकट. ती पाटी आहे. काळं पॅनल, पांढरी अक्षरं, रंग गोधडीताईंच्या शिक्क्याशिवायचे, साधे. थीम कितीही बदलली तरी ती पाटी हलणार नाही. तुमचा निम्मा प्रश्न इथेच संपतो.

---

सह्यकडा, बुधवार सकाळी 9:20

फ्लॅट-लाफमध्ये प्रत्येक घटकाला 'स्टाइल' देता येते ना? मग काळ्या पॅनलला स्टाइल दिली की आतल्या लेबलांनाही लागेल?

---

जुना_चिरा, बुधवार सकाळी 9:30

नाही लागणार. ती स्टाइल त्या एका घटकापुरती असते, पोटात झिरपत नाही. चार लेबलांना चारदा द्या, किंवा एक स्टाइल-क्लास ठरवून तो चौघांना लावा.

---

गोधडी, बुधवार दुपारी 12:40

दोन छोट्या भरी.

एक, सरावाच्या खुणेसाठी मॅट-बॉर्डर बघा. तिला रंगाऐवजी आयकॉन दिला तर तो किनारीभर फरशीसारखा एकाला एक जोडला जातो. काळे-नारिंगी तिरपे पट्टे असलेला छोटा आयकॉन बनवा, रस्त्याच्या कामावर असतात तसे, आणि खिडकीच्या आतल्या भागाला चारही बाजूंनी तो किनार म्हणून लावा. रंग न कळणाऱ्यालाही पट्टे कळतात. शीर्षकात 'सराव' शब्द आधी, संस्थेचं नाव नंतर. विंडोज 10 आणि 11 वर फ्लॅट-लाफ शीर्षकपट्टीचा रंगही खिडकीगणिक बदलू देतं.

दोन, चालू प्रोग्राममध्ये थीम बदलत असाल तर लपलेल्या खिडक्या विसरू नका. अपडेट-कंपोनंट-ट्री-यूआय फक्त दिलेल्या झाडात फिरतं. बंद करून जपून ठेवलेली संवादचौकट हे वेगळं झाड आहे, तिच्यासाठी विंडो-गेट-विंडोज घेऊन सगळ्यांवर फिरा. आणि एखादं पॅनल कुठल्याच खिडकीत न लावता मॅपमध्ये ठेवलं असेल तर ते यातही सापडणार नाही. ते पुन्हा लावताना तुम्हीच अद्ययावत करायचं.

---

पाणवठा, रविवार रात्री 8:15

मंडळी, चार दिवस बसलो, आज बसवून आलो.

दुसरं लुक अँड फील काढून टाकलं. ग्राहकाची खिडकी म्हणजे आता खरंच पाटी आहे, साध्या रंगांची. मुख्य प्रोग्राम फ्लॅट-लाफच्या उजळ रूपावर. सरावासाठी वरचा चल नारिंगी, किनारीला पट्टे, आणि शीर्षकात 'सराव'. यूआय-मॅनेजर-पुटच्या 31 ओळी होत्या, त्यातल्या 4 उरल्या. बाकी सगळ्या प्रॉपर्टीज फायलीत गेल्या आणि आता कुठला रंग कुठून येतो ते एका जागी वाचता येतं. सराव आणि खरं काम यांत चालू प्रोग्राममध्ये अदलाबदल करायची सोयच काढली. बंद करून पुन्हा उघडायचं. थोडा वेळ जातो, पण मधल्या अवस्थेत कुणी नोंद टाकू शकत नाही.

फाँट मोठा केल्यावर एक गोष्ट नव्याने कळली. खातेदारांच्या तक्त्यात ओळींची उंची मी कोडमध्ये आकडा लिहून ठरवली होती. अक्षर वाढलं तशा 'श्री' आणि 'कुलकर्णी'तल्या वेलांट्या वरून कापल्या गेल्या आणि उकार खालून. आता उंची फाँट-मेट्रिक्सवरून (फाँटच्या मापांवरून) काढतो आणि तक्त्याच्या अपडेट-यूआयमध्ये ठेवली आहे. गोधडीताई, तो कन्स्ट्रक्टरचा खड्डा मला तिथेच भेटला, तुम्ही सांगितलं होतं म्हणून पाच मिनिटांत सुटलो.

काकूंनी अक्षर 18 वर नेलं आणि मागे रेलून बसल्या. पूर्वी त्यांना कधी असं टेकून काम करताना पाहिलं नव्हतं. नवीन मुलीने पट्टे बघितले आणि विचारलं, 'हे आधीपासून का नव्हतं?' तिला काय सांगणार. तिची माफी मागितली.

---

मंद_दिवा, रविवार रात्री 9:00

पाणवठा, आभार.

---

रानमेवा, सोमवार सकाळी 10:10

उशिरा विचारतोय. आमच्याकडे गडद थीम आहे आणि तक्ता प्रिंट केला की कागदावरही काळी पार्श्वभूमी येते. टोनर संपतो नुसता. प्रिंटपुरती उजळ थीम मिसळता येईल का?

---

जुना_चिरा, सोमवार सकाळी 10:35

पडद्यावरचा तक्ता छापायला देऊच नका. जे-टेबलची प्रिंट मेथड पडद्यावरचेच रेंडरर (तक्त्याचे रकाने रंगवणारे घटक) आणि त्यांचे रंग वापरते, म्हणून काळं येतं. प्रिंटपुरती थीम बदलून परत आणायला गेलात तर कॅशियरच्या समोर पडदा लुकलुकेल, आणि मधेच काही अडलं तर तो उजळच राहील. त्याच टेबल-मॉडेलवर (तक्त्यामागच्या डेटावर) दुसरा जे-टेबल बनवा, जो कुठल्याच खिडकीत दिसत नाही. त्याला पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं, करड्या रेघा, सगळे रंग शिक्क्याशिवायचे. शीर्षकाच्या ओळीला विसरू नका, तिचे रंग वेगळे द्यावे लागतात. कुठल्या खिडकीत नसल्यामुळे त्याचा आकार आपोआप ठरत नाही. छापण्याआधी तक्त्याचा आणि शीर्षकाचा, दोन्हींचा आकार पसंतीच्या आकाराएवढा करून मांडणी करून घ्या, नाहीतर कोरा कागद येईल.

---

रानमेवा, सोमवार दुपारी 12:05

पहिल्यांदा कोराच आला. शीर्षकाचा आकार द्यायचा राहिला होता. आता सगळं नीट छापलं, पांढऱ्यावर काळं.